कारंज्यापाशी बंद पडणारं मशीन

रामकिशनचं मशीन बंद पडायचं तेव्हा आवाज यायचा नाही. पंखे फिरत असायचे. पडदा निळा व्हायचा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं उमटायची, आणि रामकिशन खुर्चीत मागे रेलून म्हणायचा, "गेलं."

दोन हजार सोळाचा उन्हाळा. लातूर. त्या दिवसांत "गेलं" हा शब्द गल्लीत दोनच गोष्टींसाठी वापरला जायचा. एक टँकर आणि दुसरं हे मशीन.

मी नांदेडचा. मराठीत एम.ए. केलं आणि लातूरला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला आलो. खोली मिळाली ती रामकिशनच्या घरासमोर. पहिल्याच दिवशी त्यानं माझी पुस्तकांची पेटी उचलून आत ठेवली आणि विचारलं, ह्यात काय दगडं हायत का मास्तर. तेव्हापासून मी मास्तर. आमच्या दोघांच्या वयात एखाद्या वर्षाचा फरक असेल.

त्याचे वडील ज्ञानोबा वीज मंडळात लाइनमन होते. मूळचे चाकूरकडचे. लातूरच्या कडेला त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं, वायरिंगपासून सगळं स्वतःच्या हातानं केलं, आणि निवृत्तीच्या आधीच गेले. थोरला मुलगा नरसिंग पुण्यात. घरात आई सरजाबाई आणि रामकिशन. समोरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची छोटी मूर्ती, आणि त्यांच्या बरोबर खाली, सगळ्यात चांगल्या जागी, ते मशीन.

मशीन नांदेडहून आणलं होतं. तिथं एक डिझाइनचं दुकान बंद झालं, त्यातलं. आणायला मीही गेलो होतो. रामकिशननं एसटीत कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचं पत्र्याचं खोकं, मांडीवर घेतलं. कंडक्टरनं सामानाचं तिकीट मागितलं. रामकिशन म्हणाला, मांडीवरच्या लेकराला तिकीट नसतं. कंडक्टरनं कॅबिनेटकडं पाहिलं, रामकिशनकडं पाहिलं, आणि तिकीट फाडलं. लोह्याला गाडी थांबली तेव्हा सगळे चहाला उतरले. हा उतरला नाही.

लग्नाच्या कॅसेटी मिक्सिंग करायचं त्याचं काम. कॅसेट आता राहिली नव्हती, पण शब्द राहिला होता. त्या वर्षी लग्नंही राहिली नव्हती. झाली ती सामुदायिक झाली, आणि सामुदायिक लग्नाची एकच कॅसेट निघते. मग उदगीरहून हणमंतरावांचा फोन आला.

हणमंतरावांचं उदगीरला कापडाचं दुकान. उदगीर जिल्हा झाला पाहिजे, हे त्यांचं दुसरं काम, आणि दुकानापेक्षा त्यांचं लक्ष त्यातच जास्त. एक मेला नवे जिल्हे जाहीर होणार अशी बोलवा होती. त्या संध्याकाळी मैदानात मोठा पडदा लावून लोकांना दाखवायचं होतं, की जिल्हा झाल्यावर आपलं गाव कसं दिसेल. कलेक्टर कचेरी, रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, आणि चौकात कारंजं. सगळं कॉम्प्युटरवर उभं करायचं. खोटं, पण खऱ्यासारखं.

रामकिशननं हो म्हटलं. ह्या कामावर आणखी एक गोष्ट लटकली होती. नरसिंगनं पुण्यात त्याच्यासाठी एका रिपेअरिंगच्या दुकानात जागा बघून ठेवली होती. मालक मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांबणार होता. नरसिंग रोज फोन करायचा. शेवटी सरजाबाईंनी दोघांमध्ये तोड काढली. एक मेला उदगीरच्या पडद्यावर ह्याचं काम दिसलं, तर हा इथंच राहील. नाही दिसलं, तर दोन तारखेच्या गाडीत बसेल. नरसिंगनं मान्य केलं. रामकिशननंही.

मला तो एकदाच म्हणाला, "मला जायचं न्हाई." का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

असलं चित्र मशीन एकदम काढत नाही. एकेक चौकट काढतं, अशा हजारो. त्याला रेंडर म्हणतात. जुन्या मशीनला ते एक मेपर्यंत झेपणार नव्हतं. म्हणून रामकिशननं ते ओव्हरक्लॉक केलं. म्हणजे कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं पळवायचं. मी विचारलं, असं चालतं का.

"काळीपिवळीवर किती माणसं लिहिलेली असतात? नऊ. बसतात किती?"

मी म्हटलं, कधीतरी ती पलटी होते.

"म्हणून हळूहळू बसवायची," तो म्हणाला.

तो वेग थोडा वाढवायचा, मशीन तासभर राबवून बघायचा, मग आणखी थोडा. एक नियम त्यानं मला पहिल्या दिवशीच सांगितला होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कशानं काय झालं ते कळत नाही. मला तो नियम आवडला. मी तो कॉलेजात मुलांना सांगितला, कशाच्या संदर्भात ते आता आठवत नाही.

फेब्रुवारीत मशीन त्या वाढीव वेगावर उत्तम चाललं. कचेरी झाली. रस्ते झाले. मार्चअखेर कारंज्याची पाळी आली आणि पडदा निळा झाला.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा कारंज्यापाशी गेलं.

रामकिशन म्हणाला, पाणी दाखवायला लई हिशेब लागतोय मशीनला. प्रत्येक थेंबातून उजेड कसा जातो ते बघावं लागतंय. मी खिडकीतून बाहेर बघितलं. गल्लीत रिकाम्या घागरींची रांग होती. घागरींच्या मालकिणी सावलीला गेल्या होत्या. ज्या टाक्यांवर टँकर पाणी भरायचे तिथं जमावबंदी लागली होती. पुढं रेल्वेनं पाणी आलं. त्या शहरात बसून आम्ही दोघं कारंजं का चालत नाही ह्याचा विचार करत होतो.

पहिला संशय उन्हावर. ते मशीन हवेवर थंड होणारं. प्रोसेसरवर पातळ पत्र्यांचा एक गठ्ठा बसवलेला, त्यावर पंखा. खोलीतली हवाच तापलेली असेल तर तो पंखा काय करणार. घरात कूलर होता, पण त्यात घालायला पाणी नव्हतं. कोरडा कूलर भट्टीसारखं फुंकायचा. रामकिशननं कॅबिनेटची बाजू काढली, टेबलफॅन लावला. पत्र्यांचा गठ्ठा उतरवला, खालची उष्णता वर नेणारी, वाळून गेलेली पेस्ट पुसली, नवी लावली. पडद्यावरचा तापमानाचा आकडा खाली आला. तो खूश झाला. दुपारी मशीन गेलं.

आकडा चांगला होता. तरी गेलं.

मग त्यानं प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज किंचित वाढवलं. मग रॅमच्या पट्ट्या एकेक काढून बघितल्या. मग ओळखीच्या एकाचा यूपीएस दोन दिवस आणून बघितला. एका वेळी एकच गोष्ट. मी कॉलेजातून आलो की तो मला आज काय बदललं ते सांगायचा. मला त्यातलं अर्धं कळायचं. तो सांगायचा आणि माझ्या तोंडाकडं बघायचा. तिथं काही सापडेल असं त्याला वाटत असावं.

त्यानं कारंजंच काढून टाकलं. मशीन झाडांपाशी गेलं.

हणमंतरावांना कुठून कळलं कोण जाणे, त्यांचा फोन आला. त्यांचा आवाज फोनबाहेर ऐकू यायचा. "रामकिशनराव, झाडं एखाद-दोन कमी करा. पण कारंजं पाहिजे बघा. कारंज्याबिगर जिल्हा वाटंना."

शेवटी त्यानं वेग कंपनीच्या मूळ ठिकाणी आणून ठेवला. ह्या वेगानं काम एक मेपर्यंत होणार नव्हतं, पण निदान दोष कुठं आहे ते कळलं असतं. मशीन सकाळभर चाललं. मी जेवायला खोलीवर गेलो. परत आलो तर तो पायरीवर बसला होता.

"मूळ वेगावर बी गेलं," तो म्हणाला.

म्हणजे ओव्हरक्लॉकचा दोष नाही, मी म्हटलं.

"मग कशाचा?"

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो.

इथं एक मागची गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या घरामागं, न्हाणीच्या भिंतीला लागून, जमिनीतून एक लोखंडी पाईप वीतभर वर आला होता. शेजारी कढीपत्त्याचं झाड. मी राहायला आलो तेव्हापासून बघायचो, सरजाबाई रोज सकाळी भांडी विसळलेलं पाणी त्या पाईपात ओतायच्या. आधी पाईपात, उरलं तर झाडाला. रामकिशन त्यांची टर उडवायचा. म्हणायचा, बाबासाहेबांनी आपल्याला एवढं बाहेर काढलं, अन् माय पाईपाची पूजा करून राहिली. सरजाबाई न चिडता म्हणायच्या, पूजा कशाची, तुझ्या बापानं सांगितलंय म्हणून घालते. का सांगितलं, हे त्यांनी नवऱ्याला कधी विचारलं नव्हतं. मला वाटलं गटाराचा काहीतरी प्रकार असेल.

दुष्काळात ते थांबलं. भांडी विसळलेलं पाणी फरशीला, फरशीचं संडासात. कढीपत्ता आधी पिवळा पडला, मग त्याच्या काड्या झाल्या. पाईपाकडं कुणी बघितलं नाही. मी तर नाहीच.

एप्रिलच्या शेवटाकडची एक दुपार. मी बूट-मोजे दारात काढून आत गेलो. खाली शहाबादी फरशी. रामकिशन प्लॅस्टिकच्या खुर्चीत, पायांत रबरी चपला. घरात चप्पल घालून बसण्यावरून सरजाबाई त्याला रोज बोलायच्या. मशीन सुरू होतं, पुन्हा वाढीव वेगावर, कारण मूळ वेगावरही ते जातच होतं. मी वाकून पडद्यावरचं कारंजं बघितलं आणि आधारासाठी कॅबिनेटच्या कडेला हात लावला.

बोटांत झिणझिण्या आल्या. मुंग्या चावल्यासारख्या. मी हात काढला, पुन्हा लावला. पुन्हा आल्या.

मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, मास्तरच्या अंगातच करंट हाय. मी म्हटलं, तू लावून बघ. त्यानं लावला. त्याला काही झालं नाही. तो हसला. मग हसता हसता थांबला, चपला काढल्या, पाय फरशीवर टेकवले, आणि बोटाची मागची बाजू कॅबिनेटला लावली.

त्यानं बोट झटकन मागं घेतलं. मशीन बंद केलं. कपाटावरचा वडिलांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात होल्डरला लावलेला बल्ब होता, दोन वायरींचा. एक वायर त्यानं सॉकेटच्या एका भोकात घातली, दुसरी दुसऱ्यात. बल्ब लख्ख लागला. मग दुसरी वायर काढून वरच्या मोठ्या भोकात घातली.

बल्बातली तार नुसती लाल झाली. विझत आलेल्या विडीसारखी.

"हे अर्थिंग हाय," तो म्हणाला. "इथं बी तेवढंच लागायला पाहिजे."

तो उठून मागं गेला. मी त्याच्यामागं. तो पाईपासमोर उकिडवा बसला. पाईपाच्या तोंडात कोळ्यानं जाळं केलं होतं. त्यानं आईला हाक मारली. सरजाबाई पदराला हात पुसत आल्या.

"माय, तू हितं पाणी घालायची ते कधी बंद केलंस?"

"शिमग्याच्या टायमाला," त्या म्हणाल्या. "पाणी हाय कुठं?"

मग त्यानं आम्हांला सांगितलं. आम्हांला म्हणण्यापेक्षा पाईपाला सांगितल्यासारखं. घर बांधताना वडिलांनी हितं खोल खड्डा केला, कोळसा आणि मीठ भरलं, मधोमध पाईप रोवला, घराच्या विजेची एक तार त्याला जोडली. घरातली भरकटलेली वीज हितून जमिनीत जाते. पण कोळसा-मीठ ओलं असलं तरच. कोरडं झालं की रस्ता बंद. मग ती वीज कॅबिनेटच्या पत्र्यावर बसून राहते.

"अन् मशीन त्याच्यानंच बंद पडतंय?" मी विचारलं.

"काय माहीत," तो म्हणाला. "पडत असंल."

सरजाबाईंनी विचारलं, किती पाणी लागेल. तो म्हणाला, चांगलं मुरायला पाहिजे, दोन-तीन घागरी तरी. आणि लगेच उठला. म्हणाला, असू दे, माणसांना प्यायला न्हाई. जातो पुण्याला. तिथं बी मशीनच हायत.

तो आत जाऊन खुर्चीत बसला. मी तिथंच उभा राहिलो. टँकर येऊन बरेच दिवस झाले होते आणि पुढचा कधी येईल ते टँकरवाल्यालाही माहीत नव्हतं. घरातला ड्रम अर्ध्याच्या खाली गेला होता. हे मला माहीत होतं, कारण माझ्या खोलीतलं पिण्याचं पाणी त्याच ड्रममधून यायचं.

सरजाबाई आत गेल्या. त्या घागर भरून बाहेर आल्या तेव्हा मला वाटलं, मला द्यायला आणलीय. मी हात पुढं केला. त्या मला ओलांडून पुढं गेल्या. पाईपासमोर बसल्या, बोटानं जाळं काढलं आणि घागर वाकडी केली.

कोरड्या पाईपात पाणी पडण्याचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. खाली कुणी तरी घोट घ्यावेत तसा. मला तो ऐकवेना आणि तिथून हलताही येईना. रामकिशन आवाज ऐकून धावत आला. त्यानं घागरीला हात घातला.

"माय, सोड ते."

त्यांनी सोडली नाही. "तुझ्या बापानं मला एवढं एकच काम सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

त्यानं हात काढला.

शेजारची नागुबाई भिंतीवरून बघत होती. ती म्हणाली, "सरजे, येडी झालीस का? लेकराबाळांना न्हाई अन् पाईपाला पाजतीस?"

"तुझ्या घरचं न्हाई ना पाजून राहिले," सरजाबाई म्हणाल्या.

नागुबाईचं डोकं भिंतीमागं गेलं. मला वाटलं, आता ती गल्ली गोळा करणार. पाण्यावरून त्या उन्हाळ्यात माणसांनी काय काय केलं होतं. मी दाराकडं बघत राहिलो. थोड्या वेळानं ती दारातूनच आली. हातात बादली, तीत धुण्याचं पाणी, निळसर, वर फेस.

"साबणाचं हाय," ती म्हणाली. "चालतंय का बघ."

रामकिशननं मान हलवली. पण तो बादलीकडंच बघत होता. नागुबाई त्याला म्हणाली, बघतोस काय, वत की.

ते ओतलं. माझ्या खोलीत अंघोळीचं पाणी एका टबात साठवलेलं होतं, संडासासाठी. मी ते घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळीही सरजाबाईंनी भांड्यांचं पाणी तिथंच घातलं. त्यानंतर रामकिशननं बल्ब लावून बघितला. लागला. पहिल्यासारखा लख्ख नाही, पण पिवळा, स्थिर लागला.

आता नियमाप्रमाणं त्यानं दुसरं काही न बदलता मशीन त्याच वाढीव वेगावर सोडायला हवं होतं. पण एक मे तोंडावर होता. पुन्हा गेलं असतं तर पुन्हा सुरू करायला वेळ नव्हता.  मग त्यानं वेग एक पायरी खाली आणला. मी बघितलं. त्यानंही मी बघितल्याचं बघितलं.

मशीन सुरू झालं. झाडं झाली. कारंजं सुरू झालं. आम्ही दोघंही पडद्याजवळ गेलो नाही, दारातून बघत राहिलो. थेंब वर गेले, उन्हात चमकले, खाली आले. पुढची चौकट. मग पुढची.

पडदा निळा झाला नाही.

मला वाटलं तो ओरडेल, निदान माझ्या पाठीत धपाटा घालेल. तो म्हणाला, "पाण्यानं झालं का वेग कमी केला म्हणून झालं, आता कळणार न्हाई."

एक मेला आम्ही उदगीरला गेलो. सरजाबाई आल्या, नागुबाईही आली. मैदान भरलं होतं. नवे जिल्हे जाहीर झाले नव्हते, पण हणमंतरावांनी कार्यक्रम रद्द केला नाही. पडदा लागला. कलेक्टर कचेरी आली तेव्हा टाळ्या पडल्या. रस्त्यांना पडल्या. मग कारंजं आलं आणि मैदान गप्प झालं. माझ्या शेजारी डोक्याला पटका बांधलेले एक म्हातारे होते. त्यांनी मला विचारलं, हे पाणी कुठलं दाखवलंय.

मागून कुणीतरी म्हणालं, "लातूरचं असंल," आणि लोक हसले.

सरजाबाई हसल्या नाहीत. पडद्यावर शेवटचा थेंब पडेपर्यंत त्या बघत होत्या. मग त्यांनी रामकिशनला खिशातून फोन काढायला लावला, नरसिंगला जोडून मागितला, आणि एवढंच म्हणाल्या, "दिसलं रं. हा न्हाई येत." फोन परत दिला.

पुढं पाऊस चांगला झाला. जिल्हा अजून झालेला नाही. माझे तास संपले आणि मी नांदेडला परत गेलो. रामकिशन लातूरलाच आहे. आता मशीन नवीन आहे, जुनं बाजूला असतं, दोन्ही चालू. त्यानं घरामागं पाईपाजवळ एक दगड टाकला आहे आणि सकाळी तो तिथंच अंघोळ करतो. कढीपत्ता बुडातून फुटला.

मागच्या वेळी गेलो तेव्हा मी विचारलं, शेवटी कशानं होत होतं ते कळलं का. तो डोक्यावर तांब्या घेत म्हणाला, "न्हाई. कळायचं असंल तर आठ-पंधरा दिवस हितं पाणी घालायचं बंद करून बघावं लागंल."

मग बघ की, मी म्हटलं.

"मायला सांग तू."

मी आत गेलो. सरजाबाई भांडी विसळत होत्या. त्यांनी विचारलं, काय रे बाबा. मी काही नाही म्हटलं. त्यांनी पाणी बादलीत जमा केलं, बादली माझ्या हातात दिली, आणि मी ती घेऊन मागं गेलो.